ताटाची डावी बाजू

कुठलंही ताट समोर आलं की ते आधी त्याच्या डावीकडे बघायचे. लग्नाची पंगत असो, कारखान्याच्या कँटीनमधला स्टीलचा ट्रे असो, नाहीतर दोह्यातल्या बर्गरच्या दुकानातला, कागद अंथरलेला प्लास्टिकचा ट्रे असो. मान तिरकी करायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचं, "हितली डावी बाजू कुठाय?"

नव्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय.

जुन्यांना सवय होती. ताट वाढताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी, एवढं आमच्या पिढीतल्या कुठल्याही मुलीला परकराच्या वयात येत असे. या गृहस्थांचं म्हणणं असं, की उजवी बाजू पोट भरते आणि डावी बाजू त्या पोटाची राखण करते. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं कुणी खवचटपणे विचारलं (कुणी म्हणजे मीच), तर म्हणायचे, "लिहायचं राहून गेलंय, वहिनी. सवड मिळंना."

मी त्यांना भाऊजी म्हणत असे. नवऱ्याच्या मित्राला दुसरं काय म्हणणार? कतारमध्ये मेसईदला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको आणि दोन मुलं परभणीजवळच्या गावी. भाऊजी खताच्या कारखान्यात केमिस्ट. दिवसभर नमुने तपासायचे, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे त्यांचं काम, आणि ते काम घरी आल्यावरही थांबत नसे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर प्रयोगशाळेतली पांढरी चिठ्ठी. 'जवसाची चटणी, शनिवार.' 'कारळं, संपत आलं.' एका बरणीवर नुसतंच 'माहीत नाही' असं लिहिलेलं होतं, आणि ती बरणी त्यांनी माझ्या देखत सहा वर्षं सांभाळली.

संध्याकाळी ऊन उतरलं की डोक्यावर ओला टॉवेल टाकून, मोज्यांवर सँडल घालून क्वार्टर्सभोवती फेऱ्या मारायचे. वाटेत भेटेल त्या ड्रायव्हरला, वॉचमनला थर्मासमधलं ताक पाजायचे. थर्मासवर अर्थातच 'ताक'. आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत तीन पुडांचा छोटासा डबा, लहान मुलीच्या भातुकलीतला वाटावा असा. कुणाकडे जेवायला बोलावलं तरी तो डबा सोबत. "तुमची उजवी, माझी डावी," असं म्हणून यजमानिणीच्या देखत पानात कोशिंबीर वाढून घ्यायचे. बायका मनातून चिडायच्या. मी तर उघड चिडायची.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या काळातली मी आज मला रस्त्यात भेटले, तर मी वाट बदलीन.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अडतिशीतली, नाशिकहून आलेली, खांद्यापर्यंत केस कापलेली आणि ते कापल्याचं जगाला कळावं म्हणून सतत मान हलवणारी. शुक्रवारी कंपनीची बस दोह्याला जायची. आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आमचा केदार, त्या बसने जायचो आणि अल हिलालच्या अलीकडे एका बर्गरच्या दुकानात जेवायचो. जेवायचो म्हणजे काय, तिथे बसल्याचे फोटो काढायचो. केदारच्या तोंडापेक्षा मोठा बर्गर आणि मागे मी, गॉगल लावून. दुकानाच्या आत. ते फोटो नाशिकला माझ्या दोन जावांकडे जायचे. त्यांच्याकडे तेव्हा असली दुकानं नव्हती. पोरगा गुटगुटीत होत चालला होता आणि मला तो आमच्या भरभराटीचा पुरावा वाटायचा. माझ्या सासूबाई तूप घालून जे करत होत्या, ते मी चीज घालून करत होते, एवढाच फरक. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

एका संक्रांतीला तर मी कहर केला. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, यावर बायकांमध्ये चुरस असायची. कुणी प्लास्टिकच्या बरण्या, कुणी रुमाल, कुणी शॅम्पूच्या बाटल्या. मी त्या बर्गरच्या दुकानाची कुपनं लुटली. एका बर्गरवर फ्राइज फुकट. एकेकीच्या ओटीत तिळगूळ आणि कुपन! बायका म्हणाल्या, "अगंबाई, किती मॉडर्न!" मी म्हटलं, "सोयीचं आपलं काहीतरी." पुढच्या शुक्रवारी आमचं निम्मं महिला मंडळ जरीच्या साड्या नेसून त्या दुकानात रांगेत उभं. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला वाटलं, आमच्यात कुणाचं तरी लग्न आहे. तिने आम्हाला कागदी मुकुट दिले. आम्ही ते घातले. फोटो आहे माझ्याकडे.

त्याच वर्षी केदारचा बारावा वाढदिवस त्याच दुकानात झाला. वीस मुलं, फुगे, भिंतीवर त्याचं नाव. भाऊजींना बोलावलं होतं, कारण न बोलावणं वाईट दिसलं असतं. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पिशवी. मी लांबूनच ह्यांना खुणावलं, पिशवी काढून घ्या. ह्यांनी नेहमीप्रमाणे खूण बघितली आणि नेहमीप्रमाणे काहीही केलं नाही.

मुलांपुढे ट्रे आले. भाऊजी उठले, डबा उघडला, आणि पंगतीत फिरावं तसे एका टोकापासून सुरू झाले. प्रत्येक मुलाच्या ट्रेमध्ये, डावीकडे, एक चमचा काकडीची कोशिंबीर आणि लिंबाची फोड.

"अंकल, व्हॉट इज धिस?" एका मल्याळी मुलाने विचारलं.

"धिस इज लेफ्ट साइड," भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

"व्हाय?"

"बिकॉज यू हॅव ओन्ली राइट."

मुलं खदखदा हसली. आयांनी माझ्याकडे बघितलं. दुकानाचा मॅनेजर आला आणि अदबीने म्हणाला, "सर, आउटसाइड फूड नॉट अलाउड." भाऊजींनी डबा मिटला, "खलास, खलास, संपलंच हाय," म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पण एक सांगते. विसांतल्या अकरा-बारा मुलांनी ती कोशिंबीर खाल्ली होती. ट्रे उचलताना मी पाहिलं होतं. पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

न सांगण्यात मी तेव्हा पटाईत होते.

केदारच्या मानेवर एक काळा पट्टा उमटायला लागला होता. मागच्या बाजूला, केसांच्या खाली. मला वाटलं, मळ. पोरं घामेजतात, वाळूत खेळतात. दर शुक्रवारी सकाळी मी त्याला बाथरूममध्ये बसवून डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून घासायची. तो ओरडायचा. पट्टा काही जाईना. मग शाळेतून चिठ्ठी आली. नर्सने लिहिलं होतं, वजन जास्त आहे, दम लागतो, मानेवरची त्वचा काळवंडली आहे, रक्त तपासून घ्या.

मी त्या चिठ्ठीत एवढंच वाचलं, की तुमचा मुलगा अस्वच्छ आहे. चार पिढ्या पहाटे उठून अंघोळ करणाऱ्या घरातल्या बाईला कोण कुठली नर्स हे लिहिते? मी ती चिठ्ठी घडी करून तांदळाच्या डब्यात तळाशी घातली. ह्यांना दाखवली नाही. केदारला म्हटलं, "कुणाला सांगू नकोस."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात भाऊजी. आत आले नाहीत.

"वहिनी, लेकराची चिठ्ठी आलीया म्हणं शाळंतून."

"कोण म्हणालं?"

"लेकरूच म्हणालं. जिना चढताना मधेच बसलं हुतं. म्हटलं काय झालं, तर म्हणालं, आई कुणाला सांगू नको म्हणाली, म्हणून तुम्हाला सांगायलोय."

"काही नाही हो. बाळसं आहे. आणि मळ बसलाय जरा मानेवर, घासतेय मी."

भाऊजींनी माझ्याकडे पाठ केली आणि शर्टाची कॉलर खाली ओढली. त्यांच्या मानेवर तसाच पट्टा होता. काळा, मखमलीसारखा.

"मळ नव्हं हे, वहिनी. घासून जायचं नाही. मी बी घासून बगितलंय, वजरीनं. रगत आलं, पर हे गेलं नाही. हितं आलो तवा दोन वर्षं बॅचलर क्वार्टरात हुतो. दोन वर्षं उभ्या उभ्या खाल्लं, कागदातलं. आता साखरंपायी रोज सुई टोचून घ्यायलोय. तुमचं लेकरू लहान हाय. उद्या मी संगं येतो दवाखान्यात. रक्तच तर द्यायचंय."

मला कळलं होतं. हे मी आज नीट लिहून ठेवते, की मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. आणि कळलं म्हणूनच मी म्हणाले, "तुमची मुलं तिकडे काय खातात ते आधी बघा, भाऊजी. किती दिवस असता हो तुम्ही त्यांच्याजवळ वर्षातून?"

त्यांनी कॉलर सरळ केली. सँडलचा पट्टा सुटला नव्हता, तरी वाकून तो नीट केला.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली. आत तो तीन पुडांचा डबा. कोशिंबीर, चटणी, लिंबू. चिठ्ठी: 'केदार, आज.' मी ते सिंकमध्ये ओतलं. आता डबा परत द्यायचा, तर आपल्यात रिकामा देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी त्यात संक्रांतीतलं एक उरलेलं कुपन घातलं आणि डबा त्यांच्या दाराला अडकवून आले. येताना जिन्यात मला स्वतःचं हसूसुद्धा आलं. केवढी ती हुशारी!

पुढच्या शुक्रवारी आम्ही दुकानात शिरतो, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी भाऊजी. समोर बर्गर, फ्राइज आणि डावीकडे, टेबलाखालून गुपचूप काढलेली, हिरव्या मिरचीची चटणी. डोळे मिटून खात होते. देवळात बसावं तसे. मी आडून निघणार, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"या वहिनी! तुमच्याच कुपनावर खायलोय."

"तुम्ही? तुम्हाला चालतं हे?"

"चालत नाही. पर लई चवदार करतेत हो. वंगाळ असतं तर सोपं नसतं का झालं? कुणी खाल्लंच नसतं." मग फ्राइजची एक काडी बोटांत धरून म्हणाले, "म्हणून तर भ्या वाटतंय."

माफी मागायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी विचारलं, "सॉस आणून देऊ का तुम्हाला?"

डबा मात्र भाऊजी गाव सोडेपर्यंत रोज दाराला अडकत राहिला. मीही तो रोज ओतत राहिले. नंतर नंतर पिशवी हलकी लागायची. केदार खेळून येताना मुठीवरची पिशवी काढून जिन्यात बसून अर्धा डबा संपवत असे आणि पिशवी परत अडकवत असे, हे मला फार उशिरा कळलं. वर्षभराने त्यांचं काँट्रॅक्ट संपलं. जाताना सगळ्यांना भेटून गेले. आम्ही नेमके दोह्याला होतो. परत आलो तर मुठीला पिशवी, पिशवीत धुतलेला कोरडा डबा आणि झाकणावर शेवटची चिठ्ठी: 'वहिनी. रिकामा ठेवला तरी चालंल.'

दोन दिवाळ्यांना त्यांची पत्रं आली. मी उत्तर टाकीन टाकीन म्हणत राहिले. तिसऱ्या दिवाळीला पत्र आलं नाही.

शाळेची चिठ्ठी मला क्वार्टर्स सोडताना सापडली. तांदळाच्या डब्यात, शाई उतरून पिवळी पडलेली. केदार तेव्हा सतरा वर्षांचा होता. रक्त तपासलं. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी नुसतं कागदावरून वर बघितलं. ते बघणं मला अजून पुरतंय. चौतिसाव्या वर्षी केदारला शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या.

आता मी दर हिवाळ्यात चार महिने त्याच्याकडे येते. दोह्याजवळ लुसैलला, विसाव्या मजल्यावर. हे जाऊन पाच वर्षं झाली. खाली ट्राम दिसते, खेळण्यातली वाटावी अशी. सून आयटीत, केदार बँकेत, आणि नातू ईशान अकरा वर्षांचा. घरी सगळ्यांना यायला आठ वाजतात. दिवसभर राबून आलेल्या माणसांना मी काय तोंडाने सांगू, की कणीक भिजवा? फोनवर बोट फिरतं, बेल वाजते, कागदी पिशवी येते. आता त्यात मिरवण्यासारखंही काही उरलेलं नाही. आमच्या वेळी फोटो तरी काढत होतो. हल्ली कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मला या सगळ्याचा राग येत नाही. थकवा येतो. माझ्याच लग्नाची कॅसेट कुणीतरी रोज रात्री लावावी, तसा.

मागच्या आठवड्यात ईशान माझ्यापुढे बसून होमवर्क करत होता. केस नुकते कापलेले. मानेवर पट्टा.

"सोन्या, हे काय रे?"

"नथिंग, आजी. मम्मा स्क्रब लावते ना, बट इट्स नॉट गोइंग."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चमचा हवा म्हणून ड्रॉवर उघडला. चुकून दुसराच उघडला, सॉसच्या पुड्यांचा. प्रत्येक घरात असतो हल्ली हा ड्रॉवर. फुकट आलेलं टाकवत नाही आणि खायचं कुणीच नाही. सवयीने मी हात तळाशी घातला. का घातला, विचारू नका. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. पुड्यांखाली घडी केलेला कागद होता. फुटबॉलच्या टीममध्ये घेण्यासाठी ईशानची तपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट. इंग्रजी माझं बेताचं, पण लिव्हर आणि शुगर मला कुठल्याही भाषेत वाचता येतं. शेवटी लिहिलं होतं, डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

रात्री केदार पाणी प्यायला आला तेव्हा विचारलं, "बायकोला दाखवलास का रे तो कागद?"

त्याने कुठला कागद, असं विचारलं नाही. म्हणाला, "दाखवतो गं. सध्या तिच्या ऑफिसात फार गडबड आहे. आणि सगळ्यांच्याच मुलांचं असतं हल्ली. माझ्यावरून गेलंय त्याचं, असं ती म्हणेल."

"माझ्यावरून गेलंय म्हणावं. दोन महिने झालेत, केदार."

"आई, प्लीज. किती दिवस असतेस तू इथे वर्षातून? आराम कर ना."

लागलं. पण शब्द ओळखीचे होते, म्हणून त्यांना आत घ्यावंच लागलं. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि झोपायला गेले.

काल पुन्हा कागदी पिशवी आली. मी म्हटलं, आज मी वाढते. सून दमलेली होती, "वाढा ना आई," म्हणाली. सूटकेसमध्ये तळाशी माझी चार स्टीलची ताटं असतात, सून त्यांना म्युझियम म्हणते. ती काढली. मध्ये बर्गर. उजवीकडे फ्राइज. कोक वाटीत, आमटीच्या जागी. ईशान हसायलाच लागला. "आजी, धिस इज सो वीअर्ड!"

"असू दे. बस."

तीन ताटांत डावीकडे चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड वाढली. केदारच्या ताटात डावीकडे मी तो रिपोर्ट ठेवला. घडी न उलगडता.

तो बसला. त्याने ताटाकडे बघितलं आणि मान तिरकी केली. सत्तावीस वर्षांनी, अगदी तश्शीच. ईशान कोकच्या वाटीत फ्राइज बुडवत होता. सून म्हणाली, "काय झालं? गार होतंय."

"आई," केदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकांच्या कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट असायचं. जिन्यात बसून खायचो मी."

"माहीत आहे मला."

त्याने कागद उचलला. मला वाटलं, खिशात घालणार. त्याने तो उलगडला, तळहाताने सपाट केला आणि बायकोच्या ताटाकडे सरकवला.

"हे वाच," म्हणाला. "दोन महिने लपवलंय मी."

तिने वाचायला घेतलं. तिच्या कपाळावर आठी चढताना दिसली. आता भांडण होणार हे मला कळलं, आणि व्हायलाच हवं होतं. त्यांच्यामध्ये बसून काय करायचं? मी गुडघ्यांवर हात टेकून उठले, सूटकेसमधून भाऊजींचा तीन पुडांचा डबा काढला आणि काकडी चोचवायला घेतली.